कोंबडीचे वय आणि पाककृतीचे शब्द

पाककृती हाही एक वाङ्मयप्रकार आहे असे म्हटले, तर आपले टीकाकार नाक मुरडतील. कथा, कविता, कादंबरी, फार तर लघुनिबंध, एवढ्यांनाच पंक्तीत पाट मांडायचा आणि पाककृतीने मात्र स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, अशी आपली जुनी रीत आहे. वास्तविक दिवाळी अंक घरात आला की कथेच्या आधी पाककृतीचे पान उघडणारे हात पुष्कळ असतात. कथा एकदा वाचून बाजूला पडते. पाककृतीच्या पानाला मात्र तेलाची बोटे लागेपर्यंत ते पुनःपुन्हा वाचले जाते. ज्या लेखनाचा शब्दन् शब्द वाचक प्रत्यक्ष करून पाहतो आणि घरच्या चारचौघांसमोर त्याची परीक्षा देतो, असे दुसरे लेखन कोणते? मग त्याचीही पारख व्हायला नको का?

अशा पारखीसाठी मी यंदा एक परकी पाककृती निवडली आहे. इटलीत तिला ‘पोल्लो आल्ला काच्चातोरा’ म्हणतात. म्हणजे शिकाऱ्याच्या पद्धतीची कोंबडी. कांदा, तेल, टोमॅटो, वाइन आणि मंद आच, एवढ्यावर उभा राहिलेला हा खेड्यातला, दणकट पदार्थ. अलीकडे तो आपल्याकडच्या पानांतून आणि पडद्यांवरून वारंवार भेटू लागला आहे. त्याच्या शेजारी मी आमच्या मालवण किनाऱ्यावरची कोंबडीची सागोती ठेवणार आहे. फराळाच्या ताटाजवळ कोंबडीची चर्चा ज्यांना रुचणार नाही, त्यांनी ही केवळ शब्दांची चर्चा समजावी. ज्यांना रुचेल त्यांनी नरकचतुर्दशीचे कारीट फोडून, गोड्या-तिखट पोह्यांचा समाचार घेऊन, मग निवांतपणे वाचावी.

प्रथम मूळ लेखन पाहू. इटालियन घरगुती स्वयंपाकाचा जो ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो, तो पेल्लेग्रीनो आर्तूझी या गृहस्थाने लिहिला. हा १८२० साली फोर्लिंपोपोली या लहानशा गावी जन्मला, पुढे फ्लॉरेन्समध्ये रेशमाच्या व्यापारात त्याने पैसा केला आणि आयुष्यभर अविवाहित राहिला. प्रकाशकांनी पाठ फिरवल्यावर १८९१ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्याने पदरमोड करून आपला ग्रंथ छापला. नाव ठेवले ‘स्वयंपाकातले शास्त्र आणि चांगले खाण्याची कला’, अशा अर्थाचे. पहिल्या आवृत्तीत ४७५ पाककृती होत्या. आवृत्तीमागून आवृत्ती निघत गेली तशा त्या ७९० झाल्या. इटलीचे राजकीय एकीकरण १८६१ साली झाले होते, पण एका प्रांताचा माणूस दुसऱ्या प्रांताच्या ताटात काय आहे हे ओळखत नव्हता. ती ओळख करून देण्याचे मोठे काम या पुस्तकाने केले, असे जाणकार म्हणतात.

शिकाऱ्याच्या कोंबडीला आर्तूझीने किती जागा दिली आहे? जेमतेम एक परिच्छेद. मोठा कांदा चिरून अर्ध्या तासाहून जास्त वेळ गार पाण्यात ठेवायचा, मग कोरडा करून तेलात किंवा डुकराच्या चरबीत परतून बाजूला काढायचा. उरलेल्या स्निग्धात कोंबडीचे तुकडे तळायचे. ते तांबूस झाले की कांदा परत घालायचा, मीठ-मिरी लावायची, अर्धा पेला उत्तम लाल वाइन आणि थोडा टोमॅटोचा रस ओतायचा, आणि पाच मिनिटे उकळले की वाढायचे. शेवटी एक इशारा दिला आहे: हा पदार्थ नाजूक पोटाच्या माणसांसाठी नव्हे.

हा परिच्छेद वाचताना मी ‘पाच मिनिटे’ या दोन शब्दांशी थबकले. कारण आज याच पदार्थाची जी वर्णने वाचायला मिळतात, त्यांत हमखास एक म्हातारी इटालियन आजी असते, दगडी चूल असते, आणि त्या चुलीवर तासन् तास रटरटणारे मातीचे भांडे असते. खेडे म्हटले की सावकाशपणा आलाच, असा शहरी माणसाचा एक लाडका समज आहे. आर्तूझी मात्र पाच मिनिटे म्हणतो. तो घाईत होता, की आजी खोटी आहे?

माझ्या मते दोघेही खरे असू शकतात. फरक आहे तो भांड्यातल्या कोंबडीत. आर्तूझीच्या तव्यावर आलेला पक्षी कोवळा असला पाहिजे. तो तळतानाच शिजत आला, वाइन आणि टोमॅटो त्याला केवळ न्हाऊ घालण्यापुरते. आजीच्या भांड्यातली कोंबडी अंडी देऊन थकलेली, परड्यात वर्ष-दोन वर्षे धावलेली असणार. तिला पाच मिनिटांत कोण वठणीवर आणणार? म्हणजे ‘शिकाऱ्याची कोंबडी’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत आणि त्यांची दोन निरनिराळी उत्तरे. पाककृती लिहिणारा उत्तर तेवढे लिहितो. प्रश्न त्याच्या काळी सर्वांना ठाऊक असतो म्हणून तो लिहीत नाही. पुढे काळ बदलतो, प्रश्न विसरला जातो आणि उत्तर तेवढे छापील अक्षरांत उरते. पाककृतीच्या वाङ्मयात सर्वांत मोठा घोटाळा होतो तो येथे.

आता आमच्याकडे वळू. सिंधुदुर्ग हा जिल्हा म्हणून वेगळा झाला तो १९८१ साली, पण मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यातली सागोती त्याहून कितीतरी जुनी. कोंबडी-वडे हे जोडनाव आता मुंबईच्या रस्त्यारस्त्यावर झळकते. घरी ते होतात ते आषाढ संपतानाच्या अवसेला, जावई आला म्हणजे, शिमग्याच्या आगेमागे, किंवा गावच्या राखणदाराला कोंबडा दिल्यानंतर. तांदूळ, उडीद, चणाडाळ, धणे, मेथी यांचे जाडसर पीठ गरम पाण्यात मळून मुरत ठेवायचे, आणि थापून तळायचे की वडे टम्म फुगतात. सागोतीसाठी कांदा व खोबरे तांबूस भाजून वाटप करायचे, आणि उन्हाळ्यात कुटून बरणीत भरलेला मसाला काढायचा. त्यात मिरच्या, धणे, बडीशेप, लवंग, मिरी, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, बाद्यान अशी मंडळी असतात. त्रिफळ मात्र बहुधा नसते; ते बांगड्याच्या आमटीचे.

माझ्या शेजारच्या काकींच्या हातची सागोती साऱ्या वाडीत नावाजलेली. त्यांच्याकडून कृती लिहून घ्यावी म्हणून मी वही-पेन घेऊन बसले आणि विचारले, “काकी, कोंबडी शिजायला किती वेळ धरू?”

काकींनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. म्हणाल्या, “गो बाय, कोंबडी बघल्याशिवाय मी काय सांगू तुका? आधी तिचे पाय दाखय.”

या एका वाक्यात जे टीकाशास्त्र आहे, ते मला पुष्कळ जाडजूड ग्रंथांत सापडले नव्हते. कोंबडीचे वय तिच्या पायावर लिहिलेले असते. कोवळ्या पक्ष्याचे पाय गुळगुळीत, खवले बारीक आणि चिकटून बसलेले. जून पक्ष्याचे खवले खरबरीत आणि उचललेले. कोंबडा असेल तर त्याच्या पायाची आरी जितकी लांब तितके त्याचे पावसाळे जास्त. छातीच्या हाडाचे टोक दाबून पाहावे: लवले तर पक्षी कोवळा, कडक लागले तर जून. काकींना हे सारे एका नजरेत कळते, आणि मगच त्यांच्या तोंडून वेळ निघते. त्यांच्या लेखी वेळ पाककृतीची नसते, कोंबडीची असते.

शास्त्र काकींच्याच बाजूला आहे. स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या तंतूंत कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर, पाण्याच्या संगतीत, ते हळूहळू सैल होऊन जिलेटीन बनते. तेच रश्शाला अंगचा दाटपणा आणि ओठांना चिकटणारी चकाकी देते. पक्षी जितका वयस्क आणि जितका हिंडलेला, तितके हे तंतू एकमेकांत घट्ट गुंतलेले, आणि तितका त्यांना सोडवायला वेळ जास्त. उलट आज बाजारात मिळणारी ब्रॉयलर कोंबडी अवघ्या सहा आठवड्यांच्या आसपासची असते. तिच्या अंगात सोडवण्यासारखे फारसे काही नसतेच. तिला तासभर शिजवले तर छातीचे मांस कोरडे, सुतासुताचे होते आणि हाडे निखळून पडतात. मांस मऊ लागले म्हणजे ते चांगले शिजले, असे आपण समजतो. पण मऊ होणे वेगळे आणि मुरणे वेगळे.

बोलणे करून पाहिल्याशिवाय पटू नये, म्हणून मी आर्तूझीची कृती दोन पक्ष्यांवर लावून पाहिली. एक ब्रॉयलर, दुसरा आठवडी बाजारातून आणलेला गावठी कोंबडा, पायाला बोटाच्या पेराएवढी आरी असलेला. ब्रॉयलर तळून, वाइन-टोमॅटोत पाच मिनिटे उकळून, झाकण ठेवून थोडी वाफ दिल्यावर चांगली लागली. तिला याहून अधिक शिजवण्यात अर्थ नव्हता. गावठी कोंबडा मात्र पाच मिनिटांनी पादत्राणासारखा होता. अर्ध्या तासाने तो विचार करू लागला. सव्वा तासाने नमला. दीड तासाने भांड्याचे झाकण काढले, तेव्हा त्या पातळ रसाचे दाट, चकाकणारे कालवण झाले होते, आणि त्यात खोबऱ्याचा एक कणही नव्हता. तेव्हा कळले की ज्याला इटलीत रस्सा म्हणतात, त्याचा अर्धा भाग कोंबडीच स्वतः करते. फक्त ती करण्याजोगी हवी.

येथे दोन्ही पदार्थ शेजारी ठेवले की काही मौजेची साम्ये आणि भेद दिसतात. दोन्हींचा पाया कांदा आणि तांबूस भाजणे हाच. परंतु रश्शाला दाटपणा इटालियन माणूस पक्ष्याच्या हाडांतून आणि टोमॅटोतून घेतो, मालवणी माणूस वाटपातून. आंबटपणाच्या बाबतीत तर मोठाच फरक. इटालियन तो वाइनच्या आणि टोमॅटोच्या रूपाने भांड्यातच ओततो; आमच्याकडे तो भांड्याबाहेर, सोलकढीच्या पेल्यात असतो. तिखट घास, मग आंबट घोट, अशी ती जुगलबंदी. रस टिपण्यासाठी त्यांच्याकडे पाव किंवा मक्याच्या पिठाची पोलेंता, आमच्याकडे वडा. आणि नावांतही गंमत आहे: इटलीने नावात करणारा माणूस घातला, मालवणने ताटातला सोबती. शिकारी आणि वडे! आम्हांला कोणी मारले यापेक्षा कशाबरोबर खायचे हे अधिक महत्त्वाचे वाटले, यात आमची रसिकता दिसते असे मी अभिमानाने म्हणेन.

शिकारी म्हटल्यावर आणखी एक विचार सुचतो. कोंबडीची कोणी शिकार करीत नाही. मग हा शिकारी आला कोठून? याच पद्धतीने इटलीत ससाही शिजवतात, तेव्हा नाव पक्ष्यावरून नसून पद्धतीवरून पडले असावे, असे मी समजते: रानात जे मिळाले ते, घरात जे होते त्यात शिजवणे. आमच्या कोकणातही गावपारधी होत असत आणि वाटे पडत असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते थांबले, आणि थांबले हे बरेच झाले. आज सह्याद्रीतल्या रानकोंबड्याला हात लावणे हा गुन्हा आहे. पण या रानकोंबड्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जगातल्या पाळीव कोंबड्या मुख्यतः आग्नेय आशियातल्या तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या, असे मानले जाते. परंतु ज्या कोंबड्यांची कातडी पिवळी असते, त्यांना तो पिवळेपणा दिला तो मात्र भारतीय द्वीपकल्पातल्या करड्या रानकोंबड्याने, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे इटलीतल्या एखाद्या टोपात शिजणाऱ्या पिवळ्या कोंबडीच्या अंगात आमच्या घाटातल्या पक्ष्याचा अंश आहे! उलट ज्या तांबड्या मिरचीवाचून सागोतीची कल्पना करवत नाही, ती अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आलेली पाहुणी. आणि इटालियनांचा टोमॅटोही त्याच खंडातला. तेव्हा परका पदार्थ आणि आपला पदार्थ ही भिंत दिसते तितकी जाड नाही. परके काही असेल तर ते आपले आंधळेपण.

हे आंधळेपण मला आजच्या पाककृतींत दिसते. दोन्हीकडे ते सारखेच आहे. शिकाऱ्याच्या कोंबडीवर आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात बाटलीतला गोड टोमॅटो सॉस येतो, तीन रंगांची ढोबळी मिरची येते, आणि शेवटी कुकरच्या तीन शिट्ट्या. ढोबळी मिरचीला माझा विरोध नाही. अमेरिकेत रुळलेल्या रूपात ती असतेच. पण कोंबडी कसली घ्यायची याविषयी एक अक्षर नसते. सागोतीच्या पाककृतींतही हेच. ‘अस्सल मालवणी’ अशी पाटी लावून लाल तेलाचा तवंग आणि डोळ्यांतून पाणी काढणारे तिखट विकले जाते. त्या तवंगाखाली सहा आठवड्यांची कोंबडी गुपचूप पडलेली असते. तिच्या अंगी चव नाही, म्हणून मसाला दुप्पट. मसाला दुप्पट, म्हणून चव कळायची सोय नाही. ‘गावठी’ हा शब्द पाटीवर शिल्लक राहतो, भांड्यातून मात्र गेलेला असतो.

याचा दोष केवळ आजच्या लेखकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आपल्या पाकग्रंथांनी जी मोठी कामगिरी केली, तिच्या पोटातच ही उणीव होती. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ लिहून मराठी गृहिणीच्या हाती एक भांडार दिले. मांसाहारी पदार्थांना त्यांनी आडपडदा ठेवला नाही, हे विशेष. १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली. योगायोग असा की त्याच वर्षी इटलीत आर्तूझीच्या ग्रंथाची, पिएरो कांपोरेझी या विद्वानाने संपादलेली आवृत्ती निघाली. तिकडे पाकग्रंथ विद्वानांच्या टेबलावर गेला, इकडे तो घराघरांत शिरला. ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची नेमकी मापे दिली. आईपासून दूर, शहरातल्या दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या मुलीला ‘अंदाजाने’ आणि ‘बेताचे’ या शब्दांनी जो घाम फुटत असे, तो या पुस्तकाने पुसला. हे ऋण मोठे आहे आणि ते मी मान्य करते.

परंतु वाटीच्या मापाला एक मर्यादा आहे. वाटीभर रवा सांगलीत आणि सावंतवाडीत सारखाच. कोंबडी तशी नसते. रव्याला वय नसते, तो परड्यात धावलेला नसतो, त्याने अंडी दिलेली नसतात. जे पदार्थ पिठा-साखरेवर उभे आहेत त्यांना माप पुरते. जे जिवंत प्राण्यावर उभे आहेत त्यांना पारख लागते. आपण माप शिकलो आणि त्या आनंदात पारख विसरलो. काकींचे ‘पाय दाखय’ हे वाक्य कोणत्याच पाककृतीत उतरले नाही, कारण ते चमच्यात मावत नाही. पण चांगल्या लेखकाला ते शब्दांत मावते. ‘कोंबडी जून असेल तर दीड तास, कोवळी असेल तर वीस मिनिटे, आणि ओळखायची ती अशी’, एवढी तीन ओळींची भर घातली, तर पाककृतीत जीव येईल. टीकाकार म्हणून माझी मागणी एवढीच आहे.

मागणी करून हात झटकणे बरे नव्हे, तेव्हा घरी करून पाहण्याजोगी कृती मी माझ्या परीने मांडते. सव्वा किलोचा गावठी कोंबडा, बारा तुकडे. दोन मोठे कांदे उभे चिरून अर्धा तास गार पाण्यात ठेवावेत; ही आर्तूझीची युक्ती चांगली आहे, कांद्याचा उग्रपणा जातो. कांदा फडक्यावर अगदी कोरडा करावा, नाहीतर तेल उडेल. जाड बुडाच्या टोपात चार मोठे चमचे तेल तापवून कांदा सोनेरी करून काढावा. तुकडे पुसून, थोडे थोडे करून, सर्व बाजूंनी तांबूस करावेत. एकदम सारे घातले तर त्यांना पाणी सुटते आणि भाजण्याऐवजी ते उकडतात. मग कांदा, मीठ, भरडलेली मिरी, चार ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या घालाव्यात. अर्धा पेला लाल वाइन घालावी. ती आता नाशिककडची सहज मिळते. ज्यांच्या घरी ती चालत नाही त्यांनी माडीचे दोन चमचे व्हिनेगर अर्धी वाटी पाण्यात मिसळून घालावे. कोकम घालू नये; त्याचा स्वभाव निराळा आणि तो टोमॅटोशी भांडतो. अर्धा रस आटला की चार पिकलेले टोमॅटो किसून घालावेत. आपले तमालपत्र आणि इटालियनांचे तमालपत्र ही दोन वेगळ्या झाडांची पाने आहेत, आपले दालचिनीच्या कुळातले. तेव्हा एकच, लहानसे पुरे. गरम मसाला मुळीच नको.

मग घट्ट झाकण, झाकणावर पाणी, आणि खाली निखाऱ्यासारखी मंद आच. झाकणावरचे पाणी गरम झाले की तेच थोडे थोडे आत घालावे, ही आमच्याकडची जुनी रीत येथेही उपयोगी पडते. रस खदखदू देऊ नये. अधूनमधून एखादा बुडबुडा आला म्हणजे झाले. तासाभराने मांडीचा तुकडा सुरीच्या टोकाने टोचून पाहावा आणि मग दर दहा मिनिटांनी. सुरी न अडखळता गेली की उतरावे आणि अर्धा तास तसेच मुरू द्यावे. ब्रॉयलर असेल तर टोमॅटोनंतर वीस-पंचवीस मिनिटांत सारे आटोपावे आणि छातीचे तुकडे सर्वांत शेवटी घालावेत. एक सूचना महत्त्वाची: टोमॅटो आणि व्हिनेगर दोन्ही आंबट, तेव्हा कल्हई उडालेल्या पितळी टोपात हा पदार्थ करू नये. बरोबर पाव चालेल. पण मी वडे केले, आणि शिकाऱ्याने तक्रार केली नाही.

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख केल्याविना हा लेख पुरा होणार नाही. आर्तूझीच्या घरी मारिएत्ता साबातीनी आणि फ्रांचेस्को रुफील्ली हे दोघे स्वयंपाकाला होते. ग्रंथातल्या पाककृती करून पाहण्याचे काम त्यांच्या हातांनी झाले. १९११ साली आर्तूझी नव्वदी ओलांडून वारला, तेव्हा ग्रंथाचे हक्क त्याने या दोघांच्या नावे ठेवलेले होते. आणि मारिएत्ताच्या नावाने एक गोड पाव ग्रंथात अमर झाला आहे. ज्या हातांनी चव घडवली त्यांना शब्दांत आणि पैशांत वाटा मिळाला पाहिजे, एवढी जाण त्या व्यापाऱ्याला होती. आमच्या किनाऱ्यावर किती काकी, किती आजी, किती मावश्या अशा आहेत, की ज्यांच्या हातच्या सागोतीवर खानावळी उभ्या राहिल्या, पुस्तके निघाली, पाट्या रंगल्या. त्यांचे नाव कोठे आहे? पाककृतीच्या डोक्यावर ‘पारंपरिक’ हा शब्द घातला की करणारीचे नाव गाळण्याची सोय होते. परंपरा आपली आपण शिजत नसते. ती कोणीतरी पहाटे उठून, पाटा धुऊन, वाटत असते.

आज परड्यातली कोंबडी कमी होत चालली आहे, आणि तिचे पाय पाहून वेळ सांगणाऱ्या डोळ्यांनाही वय झाले आहे. कोंबडी गेली तर एक पदार्थ जाईल. ते डोळे गेले आणि त्यांचे शब्द कोणी टिपून ठेवले नाहीत, तर पारखच जाईल. मग आपण इटलीची कोंबडी करू काय आणि मालवणची करू काय, दोन्ही भांड्यांत एकच चव लागेल, आणि ती लाल रंगाची असेल. म्हणून या दिवाळीत ज्या घरात कोणी अशी वडीलधारी बाई आहे, त्या घरातल्या लेकी-सुनांनी, आणि मुलांनीही, तिच्याजवळ वही घेऊन बसावे. मापे विचारावीत, पण तेवढ्यावर थांबू नये. ‘का’ ते विचारावे. आणि लिहिताना तिचे नाव वर, ठळक अक्षरांत घालावे.